जिना जरा उभा आहे

ती : मग? दिलं का घर त्या म्हाताऱ्या बाईंनी?

तो : नाही. पण इतक्या मायेने नाही दिलं म्हणून सांगू! एवढ्या आपुलकीने मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

ती : अहो, नीट सांगा. सकाळी फोनवर नुसते उड्या मारत होतात. "असं घर पुन्हा मिळायचं नाही" हे कोण म्हणालं होतं?

तो : मीच. फोटो बघून. आणि प्रत्यक्षात ते फोटोपेक्षा चांगलं निघालं. तिथेच घात झाला.

ती : म्हणजे?

तो : म्हणजे माझ्यातला खरेदी विभाग जागा झाला.

ती : अगं बाई! तुम्ही तिथे घराला नावं ठेवलीत?

तो : नावं कसली, बारसंच केलं. आत पाऊल टाकलं आणि भिंतीवर टिचकी मारली. स्वयंपाकघरातला नळ सोडला, म्हटलं, गळतोय. कपाटाचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, म्हटलं, करकरतंय. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि ते तिच्यासमोर धरलं.

ती : धूळ होती?

तो : नव्हती. तरी धरलं.

ती : धन्य आहे. आणि घर आवडलं होतं?

तो : आवडलं म्हणजे काय, जीव अडकला! म्हणून तर. न आवडलेल्या घरात मी कशाला एवढी मेहनत घेईन? सगळ्यात शेवटी म्हटलं, जिना जरा उभा आहे. मग तोंड वाकडं केलं, "बघू, कळवतो" म्हणालो आणि निघालो. अगं, सगळी नोकरी यावर झाली माझी. माल बघायचा, नाक मुरडायचं, जिना उतरायला लागायचं. अर्ध्या जिन्यात मागून हाक येतेच.

ती : आणि आज?

तो : आज अर्ध्या जिन्यात थांबलो. बुटाची नाडी सोडून बांधली. मग दुसऱ्या बुटाचीही. आणि आली ना हाक!

ती : काय म्हणाल्या?

तो : "जपून उतरा."

ती : अहो!

तो : माझा शब्द न् शब्द खरा मानला तिने. म्हणाली, या जिन्याने तुमच्या गुडघ्यांचे हाल होतील, तुम्ही तळमजलाच बघा. मागच्या गल्लीत एक फार चांगली जागा आहे म्हणून पत्तासुद्धा लिहून दिला.

ती : मग गेलात का तिकडे?

तो : गेलो. वृद्धाश्रम निघाला. बागेतल्या बाकावर सगळे काठ्या घेऊन बसले होते. एका आजोबांनी सरकून मला जागाही करून दिली.

ती : (खुदकन हसते.)

तो : हसतेस काय?

ती : हसू नको तर काय करू? थांबा, आई शेजारीच आहेत, काहीतरी सांगतायत. आई म्हणतायत, बरोबर केलंस, चांगलं म्हणायचं नसतं, भाव वाढवतात.

तो : आईला म्हणावं, भाव आहे तिथेच राहिला, गिऱ्हाईकच खाली उतरलं.

ती : पुरे झाली गंमत. इकडची कल्पना आहे का तुम्हाला? तिकडचा पत्ता नाही म्हणून आमचा व्हिसा अडलाय. पोरीचं नाव शाळेतून काढून झालंय. मैत्रिणींना मिठ्या मारून, रडून, भेटी वाटून झाल्या. आणि आता त्याच मैत्रिणी खाली भेटल्या की विचारतात, "अगं, तू अजून इथेच?" दोन दिवस झाले, ती खाली खेळायला जात नाही.

तो : हे सांगितलं नाहीस तू मला.

ती : सांगून काय, तुम्ही तिथे टिचक्या मारत बसणार. कंपनीची खोली तरी कधीपर्यंत आहे?

तो : या महिन्यापुरती. मग माझाच पत्ता नाही, तुम्हाला कुठला देऊ?

ती : आमच्याकडे मला बघायला आलात तेव्हाही हाच प्रकार. "मुलगी जरा अबोल वाटते." मी!

तो : ते मात्र साफ चुकलं.

ती : आणि "कळवतो" म्हणून जे गेलात ते गायब. बाबा रोज फाटकाकडे बघत बसायचे.

तो : मी हाकेची वाट बघत होतो.

ती : मुलीकडचे हाका मारतात का? मामांना पाठवावं लागलं शेवटी.

तो : म्हणजे आली ना हाक!

ती : आता कुठे आहात तुम्ही?

तो : तिच्याच घरासमोर. रस्त्याच्या या बाजूला. फिरून इथेच आलो, पाय निघेना.

ती : मग वर जा. आणि सरळ सांगा, घर आवडलं म्हणून.

तो : असं तोंडावर?

ती : तोंडावर.

तो : सवय नाही गं मला.

ती : ते मला सांगता? जा. आणि फोन बंद करायचा नाही. मी ऐकणार आहे.

(तो फोन तसाच चालू ठेवून शर्टाच्या खिशात घालतो. जिना. दाराची घंटा.)

घरमालकीण : तुम्ही? पुन्हा चढून आलात? आधी बसा बघू. गुडघे कसे आहेत?

तो : गुडघे उत्तम आहेत. मघाशीही उत्तमच होते.

घरमालकीण : पण जिना उभा आहे म्हणालात.

तो : उभा आहे. पण मला चालेल.

घरमालकीण : झोपायची खोली लहान आहे म्हणालात.

तो : आम्हीही काही फार मोठे नाही.

घरमालकीण : रस्त्याचा आवाज येतो म्हणालात.

तो : आज रविवार आहे. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

घरमालकीण : मग मघाशी हे सगळं कशासाठी?

तो : काय सांगू तुम्हाला. माझं असंच आहे. एखादी गोष्ट आवडली की मी तिच्यात खोट काढतो.

घरमालकीण : आणि नाही आवडली तर?

तो : तर "छान आहे" म्हणतो आणि घरी जातो.

घरमालकीण : अवघड माणूस दिसता.

तो : बायको हेच म्हणते. जरा जोरात म्हणते.

घरमालकीण : तुमच्यानंतर एक जोडपं येऊन गेलं. त्यांना सगळं आवडलं. अडगळीची खोलीही फार सुंदर आहे म्हणाले. तिला मी कुलूप लावलं होतं.

तो : स्वभावाने चांगले असतील.

घरमालकीण : चांगलेच आहेत. संध्याकाळी त्यांना फोन करायचाय मला. म्हणून तुम्हाला एकच विचारते. घर आवडलं का?

तो : म्हणजे, तसं बघायला गेलं तर...

घरमालकीण : हो की नाही?

तो : आवडलं.

घरमालकीण : काय आवडलं?

तो : स्वयंपाकघरातली खिडकी.

घरमालकीण : तिच्यावरूनच तर बोट फिरवलंत!

तो : हात लावून बघावंसं वाटलं, म्हणून. नंतर काहीतरी कारण दाखवायला हवं ना, म्हणून बोट वर केलं. तिथून खालचं अंगण दिसतं. मुलगी खाली खेळेल आणि बायको त्या खिडकीतून तिच्यावर ओरडेल, "वर ये, जेवण गार होतंय!" ती ऐकायची नाही. मग बायको माझ्यावर ओरडेल. मी इथे आल्यापासून एकटा जेवतो, भिंतीकडे तोंड करून. कंपनीच्या खोलीत टेबलच तसं ठोकलंय. इतकी घरं पाहिली, पण कुठल्याच घरात त्या दोघी मला दिसल्या नाहीत. तुमच्याकडे एकदम दिसल्या. मग मी घाबरलो आणि नळाला नावं ठेवली.

घरमालकीण : नळ गळतो हे खरं आहे.

तो : आतला वॉशर गेलाय. मी बदलतो.

घरमालकीण : त्या दोघांनी त्याच नळावर हात धुतले. त्यांना काही दिसलं नाही. कपाट करकरतं तेही खरं. मला वाटायचं, फक्त मलाच ऐकू येतं. बरं, जिन्यातला दिवा गेलाय, तो पाहिलात का?

तो : पाहिला. पण म्हटलं, किती बोलायचं!

घरमालकीण : माझा हात पोचत नाही तिथे. गुडघे खरंच बरे असतील तर स्टुलावर चढून बदलाल?

तो : आत्ता बदलतो. कुठे आहे स्टूल?

घरमालकीण : आत्ता नको. राहायला याल तेव्हा.

तो : म्हणजे...?

घरमालकीण : म्हणजे त्यांना नाही म्हणून कळवते. अहो, तुमच्या खिशातून कुणीतरी नाक ओढतंय.

तो : बायको आहे.

घरमालकीण : खिशात? बोला मग तिच्याशी. मी आत जाऊन किल्ली शोधते.

तो : हॅलो, आहेस ना? मिळालं गं घर! रडतेस की काय?

ती : मी कशाला रडेन? सर्दी झालीय. सगळं नाही कळलं मला. तिकडच्या भाषेच्या शिकवणीत अजून घरातल्या वस्तूंपर्यंतच आलोय. "खिडकी" कळलं. "बायको" कळलं. आणि "आवडलं" कळलं.

तो : शिकवणी चांगली आहे.

ती : आईंना सांगते, पोरीला सांगते. खाली पाठवते तिला, मैत्रिणींना पत्ता सांगून ये म्हणते. अहो, पण एक विचारू?

तो : विचार.

ती : त्या दिवशी आमच्याकडे आला होतात... मी आवडले होते का तुम्हाला?

तो : हे आता, इथे? म्हातारी पलीकडच्या खोलीतच आहे. इथलं सगळं तिकडे ऐकू जातं.

ती : जाऊ दे की. तिला कुठे आपली भाषा कळते?

तो : हो, तेही खरं. मग ऐक.