पॅसेजला लोंबता दिवा

नाही, नाही, तो चपटा ठेवा परत खोक्यात. तुम्ही ऐकूनच घेत नाही आहात. मी ‘पॅसेज’ म्हटलं, ‘छत खाली आहे’ म्हटलं, की तुमचा हात आपोआप त्या चपट्यांच्या फळीकडे — गोल दाखवून झाला, चौकोनी दाखवून झाला, आता हा ताटाएवढा. छताला चिकटणारा दिवा मला नकोच आहे. मला लोंबता हवाय. खाली येणारा. हो, पॅसेज अरुंद आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, असा अरुंद. आणि हो, छतही खाली आहे. मला माहितीये, मी राहते तिथे. तरी लोंबताच हवाय. पैसे मी देणार, डोकं तुम्ही कशाला शिणवताय?

आणि ते ताई म्हणणं तेवढं बंद करा. काकू म्हणा, मावशी म्हणा, अहो बाई म्हणा, मला काही वाटणार नाही. पण ताई हा शब्द या आठवड्यात मला सोसवत नाही. मला ताई म्हणणारा एकच आहे, माझा धाकटा भाऊ, आणि तो रविवारी येतोय. त्याच्याचसाठी तर हा दिवा. आमच्यात एवढा उंच दुसरा कुणी नाही, कुणावर गेलाय देव जाणे. आई त्याला अजून बाळ म्हणते. केस पिकले, सासरा झाला, तरी बाळच. आणि हे बाळ आमच्या पॅसेजमधून ताठ चालत जातं — छत आणि त्याचं डोकं यांच्यात चार बोटं उरतात, बरोब्बर चार — मी शिवणकाम करते, त्याच्या लग्नापर्यंत त्याचे सगळे कपडे मीच शिवले, त्याचं माप मला झोपेतून उठवून विचारा. मागच्या खेपेला आला तेव्हा असाच गेला आईच्या खोलीत, हात खिशात घालून, फुलं बघायला बागेत जावं तसा. बाहेर येऊन म्हणतो, “ताई, पॅसेज फार अंधारा आहे गं, आई पडेल एखाद्या दिवशी.” पडेल? अरे, पडून झाली आई. पडली, कंबरेचं हाड मोडलं, म्हणून तर माझ्याकडे आली. तेव्हा तू कुठे होतास? फोनवर होता. डॉक्टर कुठला बघ, गादी कुठली घे, व्यायाम कसला करून घे — सगळं फोनवर. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर उंटही स्वतःच.

काय म्हणालात? भिंतीवरचा? उजेड वर टाकणारा? त्यानं छत उंच भासेल म्हणता? अहो, मला भासायला नकोय. भिंतीवर काही लावलं की जाता-येता कोपर लागतं, ते एक, आणि दुसरं म्हणजे छत खाली आहे हे आल्या माणसाला कळायला हवं. नीट कळायला हवं. आता तुम्ही विचारणारच, तोंडावर दिसतंय तुमच्या, म्हणून सांगून टाकते — मला त्याला मान खाली घालायला लावायचीये. झालं समाधान? आयुष्यात एकदा. इतकी वर्षं वाट बघितली, की हा कधीतरी माझ्यापुढे मान खाली घालेल आणि म्हणेल, मला जमलं नाही, तू केलंस. कधी म्हणाला नाही. आता म्हणायचाही नाही. मग म्हटलं, माणसाला नाही कळत तर दिव्यानं सांगावं. हसा, हसा. आमचे हेही हसले. म्हणाले, एवढ्यासाठी दुकान गाठतेस? म्हटलं, हो.

आणि ते छत काही पहिल्यापासून खाली नव्हतं. ते कुणी विचारत नाही. चांगलं सगळ्या घराच्या उंचीचं होतं. टोकाची खोली माझी होती, शिवणाची. मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांचे गठ्ठे, आरसा. आई येणार म्हटल्यावर ती खोली रिकामी केली आणि सामान ठेवायला सुताराला बोलावून पॅसेजवर माळा घालून घेतला. लांबच्या लांब, पॅसेजभर. मशीन बाहेरच्या खोलीत आलं, टीव्हीपुढे. गिऱ्हाईक मापाला आलं की ह्यांनी उठून गच्चीत जायचं. पण ह्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, ते मी मानते. आई आली आणि आमचं छत खाली आलं, बस, एवढीच गोष्ट आहे. आणि हा ताठ चालतो त्याखालून, आणि विचारतो, इतका बुटका पॅसेज कसा गं तुमचा?

हा. हा दाखवा. हा पितळी, घंटेसारखा. जड आहे? असू दे. काठ बोचेल असा आहे, छान. वायर कमी-जास्त होते ना? मग लावा त्या आकड्याला. आणि तुम्ही जरा खाली उभे राहा. हो, तुम्हीच. तुमची उंची बघूनच या दुकानात शिरले, खोटं कशाला बोलू — शेजारच्या दुकानातला माझ्या खांद्याला लागत होता. दोन बोटं कमी असाल माझ्या भावापेक्षा, ते मी धरते हिशेबात. आता चालत या. अं, नाही लागला. अजून खाली घ्या. अजून. हां, आता या. — बघा, वाकलात. आपसूक वाकलात. लागला का? थोडा लागला ना? मग बरोबर आहे. परत जा, परत या. अगदी असंच. मान कशी गेली खाली, बघितलंत? कुणी सांगावं लागलं नाही. थांबा, तसेच थांबा वाकलेले, जमिनीपासून काठापर्यंतचं माप घेते. टेप माझ्याकडे असतोच.

हलू नका. — गंमत सांगू? दिवा आण म्हणून आईनंच पाठवलंय मला. पॅसेजमधली ती जुनी दिव्याची नळी, लुकलुकणारी, तिच्याबद्दल मी शंभरदा म्हटलं, बदलू या, तुला त्रास होतो. आई म्हणायची, राहू दे गं, मला काय बघायचंय आता. आणि परवा, तो येतोय म्हणून फोन आला मात्र, लगेच, “अगं, ती नळी काढून चांगला दिवा आण, बाळ डोकं आपटून घेईल अंधारात.” मी रोज त्याच अंधारातून तिचं पाण्याचं तपेलं घेऊन जाते. माझं डोकं नाही का? माझा पाय नाही का? नवा गाऊनही शिवून मागितला. प्रवासाला. मी किती गाऊन शिवले तिला, घाल म्हटलं तर म्हणायची, चालतं मला जुनं. आता म्हणे, निळा घे, त्याला निळा आवडतो. शिवला. मीच शिवला, कोण शिवणार दुसरं? माप घ्यायला गेले तर खांदे कुठे राहिलेत — लहान मुलीचं माप घेतोय असं वाटलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं झालंय. मी रोजची. तो पाहुणा. पाहुण्याला दिवा, मला नळी.

प्रवास म्हणजे? अहो, तो तिला न्यायला येतोय. ते सांगितलंच नाही का मी? न्यायला येतोय, कायमची. मोठं घर बांधलंय, रुंद दारं, आईची वेगळी खोली, बाथरूममध्ये धरायला दांडे. रिटायर झाला ना, वेळ आहे आता. मला म्हणतो, “ताई, तू खूप केलंस, आता थोडं मला करू दे.” थोडं. बघा म्हणजे शब्द कसा वापरतात माणसं. आणि आई हो म्हणाली. मला विचारलं नाही. माझ्या घरात बसून, माझ्या फोनवर, मी दिलेलं औषध गिळून, हो म्हणाली. नंतर मला म्हणते, तुला मोकळी करते गं, तुझी पाठ गेली माझ्यापायी. मी कधी म्हटलं पाठ गेली? म्हटलं असेन एखाद्या वेळी. पाठ दुखली की माणूस म्हणतो. त्याचा अर्थ जा असा होतो का? आता ती खोली मिळेल मला परत, हे म्हणतात, मशीन आत नेऊ, माळा काढू, छत वर जाईल. मला नकोय ते छत वर. सकाळी उठून मी कुणाची वेणी घालू? सांगा ना. बसवून, चार केसांची, पण रोज घालते, ती ओरडते, ओढू नकोस, मी म्हणते, हलू नकोस. त्या वेळेला मशीन घेऊन काय करू? मला ती हवीये. झालं. मला माझी आई माझ्या घरात हवीये, आणि हे मी त्या उंचाड्याला सांगणार नाही, तिला तर मुळीच सांगणार नाही. तुम्ही कोण कुठले, तुम्हाला सांगितलं.

सरळ होऊ नका अजून, टेप सरकला. जरा कळ काढा, तरुण आहात. — आणि नेणार कसा, ते ऐका. मी विचारलं फोनवर, स्पीकर लावला होता, आई ऐकत होती. म्हटलं, बाबा रे, चाकाची खुर्ची आमच्या पॅसेजच्या वळणात अडकते, मी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सरकवत आणते बाथरूमपर्यंत, बोट बोट करत, तू काय करणार आहेस? तर म्हणतो, “त्यात काय, मी आईला पाठुंगळीला घेईन. लहानपणी तिनं मला घेतलं, आता माझी पाळी.” आणि आई हसली. दात नाहीत, तोंडावर हात धरून हसली, नव्या नवरीसारखी. कितीतरी दिवसांत मी ते हसू बघितलं नव्हतं. माझ्या खुर्चीवर कधी हसली नाही. म्हणे, पडशील रे बाळा माझ्यासकट. तो म्हणे, घट्ट धर, गळ्याला मिठी मार. म्हणजे हा असा येणार त्या खोलीतून, पाठीवर आई, तिचे हात त्याच्या गळ्याशी, निळा गाऊन, आणि मी पॅसेजच्या या टोकाला उभी, भिंतीला पाठ लावून, बघायचं, तो येतोय, येतोय, आणि दिव्यापाशी आला की आता तुम्ही घातलीत तशी मान —

थांबा.

तसेच राहा. तुमची पाठ इथे. मान तुम्ही खाली घातलीत, तुमचं डोकं सुटलं. खाली गेलं ते. आणि पाठीवर… इथे, दिव्याचा काठ आहे ना, बरोब्बर इथे… कपाळ येईल तिचं. तो वाकेल. दिसला दिवा की तो वाकणारच, शहाणा आहे. त्याला काही नाही लागायचं. तिचे हात त्याच्या गळ्याला. तिला हात मध्ये धरता यायचा नाही.

काही नाही. काही झालं नाही मला. तुम्ही सरळ व्हा. — अहो, असे एकदम नका उठू, सावकाश, वर दिवा आहे.

काढा तो. नकोय मला. किती काय विचारता हो, नको म्हटलं ना. तो पहिला, गोल, चपटा, तो द्या. खोक्यातच असू दे, उघडून दाखवू नका. पिवळ्या उजेडाचा द्या, पांढऱ्यात तिचे डोळे चुरचुरतात. आणि लावायला माणूस शनिवारच्या आत पाठवा, त्याला म्हणावं छताला अगदी घट्ट बसव, बोटभरही खाली यायला नको. पत्ता लिहा. आणि तुम्ही माझ्याकडे बघू नका, लिहिण्याकडे बघा.