डब्यातलं तेल आणि तपासणीचा सायेब

वाईट माल घेऊ नगा, मग कंपनी आपोआप सुधारती, असं म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या निपाणीत संसार करून बघावा. आणि सरकारवर भरवसा ठेवणाऱ्यानं तर माझ्यासमोर चहाला बसूच नये.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आक्काच्या पोरीचं लग्न तोंडावर आलतं, आणि कंपनीच्या डब्यातल्या तेलात तळलेलं खाल्लं की घसा धरायचा. आक्का म्हणाली, "दुकान बदल रं." बदललं. तिथल्या डब्यावर हत्तीच्या जागी मोर, आत तेल तेच. दोन्ही डबे एकाच कंपनीचे!

मग बेळगावला सरकारात तक्रार केली. तपासणीचा सायेब आला आणि जेवायला गेला कंपनीच्या एजंटाकडंच. सायबाच्या तोलामोलाचं घर गावात दुसरं कुठलं? तक्रारवाले म्हणून मी आणि आक्का तिथंच पुढच्या सोप्यात बसलो.

एजंटाच्या म्हाताऱ्या आईनं सायबाला भजी वाढली. म्हणाली, "पोटभर खावा सायेब. घाण्याचं तेल हाय. डब्यातलं आम्ही घरात घेत न्हाय, घसा धरतोय."

एजंटाचं तोंड पांढरंफटक पडलं. मी आक्काला कोपरानं ढोसलं, "घावला बघ!"

सायबानं भजं संपवलं, बोटं पुसली आणि एजंटावर डोळे वटारले.

"मग माझ्या घरी डब्यातलं कशाला धाडता?"

मी कपाळाला हात लावला. आक्कानं मात्र तवर म्हातारीला गाठलंतं.

"आज्जी, त्यो घाणा कुठल्या गावात हाय?"