कापलेली जोडवी

(लातूरच्या एका दवाखान्याचा व्हरांडा. दुपार. आत खाटेवर उज्वला. बाहेर बाकड्यावर तिची सासू साखराबाई आणि अर्धापूरहून नुकतीच आलेली तिची आई कोंडाबाई.)

कोंडाबाई : ते ऱ्हाऊ द्या. आधी हे सांगा, माझ्या लेकीच्या पायातली जोडवी कुठं गेली?

साखराबाई : हायेत माझ्याजवळ.

कोंडाबाई : तुमच्याजवळ! नवरा जित्ता असताना सवाष्णीची बोटं उघडी? माय वं, आत गेले अन् आधी तेच दिसलं.

साखराबाई : चांदी खायला काढली न्हाई मी. बोटं फुगून जोडवी मांसात रुतली हुती. सोनाराला घरी बोलावून कापून घेतली.

कोंडाबाई : अन् मला कळवलं न्हाई. सातवा लागला म्हणून न्यायला आले, तर रिकाम्या हातानं माघारी धाडलं तुम्ही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी मोडली? तव्हाच मनात आलं, या बाईला नातू आपल्या मुठीत पायजे.

साखराबाई : रीत पाळली असती तर एसटीतच झटके आले असते तिला. त्या दिवशी तिचे पाय तरी पाहिले का तुम्ही? ओटीच्या ताटात काय कमी पडलं, तेच पाहत बसला.

कोंडाबाई : बोला, बोला. पण डॉक्टरीणबाईला काय सांगितलं तुम्ही? जावई फोनवर धड बोलेनात. ‘आईशी बोला’ म्हणले. तिथंच ओळखलं मी.

साखराबाई : काय ओळखलं?

कोंडाबाई : की तुम्ही थांबायचं म्हणलात. लेकरू पोटात वाढू द्या, बाईचं काय व्हायचं ते होवो.

साखराबाई : घड उतरवला की केळ कापून टाकता तुम्ही अर्धापूरवाले. मी काय केळीची बागवाली हाय?

कोंडाबाई : मग कोण म्हणलं थांबायचं?

साखराबाई : तुमची लेक.

कोंडाबाई : उज्वला?

साखराबाई : हाव. रक्तदाब लई चढलाय. डॉक्टर म्हणतात, आजच मोकळी केली तर बाई वाचंल. लेकरू ओंजळीएवढं, त्याचा भरवसा न्हाई. थांबलं तर लेकराला बळ येईल, पर बाईचा भरवसा न्हाई. तर ही म्हणते, माझं लेकरू आधी. मोकळी करायच्या कागदावर सहीच करंना.

कोंडाबाई : आई हाय ती. लेकराचा जीव आधी, मोठ्याचा मागून, असंच वाटणार. त्यानं अजून जगात काही पाहिलं न्हाई, इहिणबाई.

साखराबाई : लेकरू आधी म्हणता ना? मग तुमचं लेकरू कोणतं? आत निजलीय ती कोणाची?

कोंडाबाई : (दाराकडं पाहत) माझीच.

साखराबाई : मग जाऊन सांगा तिला तसं.

कोंडाबाई : तुम्हीच सांगा ना तिला. घरात लई धाक तुमचा.

साखराबाई : सांगितलं. तर चोराकडं पाहावं तशी पाहून राहिली माझ्याकडं. तिला वाटतं, सासू जोखून राहिलीय. आज ‘हो’ म्हणलं तर लेकरू गमावलं म्हणून जन्मभर ऐकवंल.

कोंडाबाई : न्हाई ऐकवणार?

साखराबाई : माझी जीभ कशी हाय ते गावाला ठावं. पर हे न्हाई ऐकवणार.

कोंडाबाई : कसं मानू?

साखराबाई : नका मानू. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमचं ऐकंल ती.

(उज्वलाचा नवरा सुदर्शन आतून येतो.)

सुदर्शन : आई, डॉक्टर बोलवून राहिल्यात. आता उशीर नको म्हणतात. मी बोललो, तर तिनं तोंड फिरवलं.

साखराबाई : तू हो बाजूला. तुझी सासू जातीय. ही घ्या जोडवी, इहिणबाई. तिच्या मुठीत द्या. म्हणावं, सूज उतरली की सासू नवी घालणार हाय, आपल्या हातानं.

कोंडाबाई : जाते… पण खरं सांगा, लेकराचं तुम्हाला काहीच वाटत न्हाई?

साखराबाई : त्याचं नाव ठरवून ठेवलं हुतं मी मनात. जावा आता.