नुसतं बसायचं होतं

छपाईच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे डिझाइन कॉलेजचे एक मुलगा आणि एक मुलगी उभे होते. प्रदर्शनाचा बोर्ड छापायचा होता.

“हा फोटो आजोबांचा?”

“एआयने केलाय. छान आलाय ना?”

“अरे, त्यांना टक्कल होतं.”

“मला काय माहीत? मी गेलोच कुठे?”

“प्रोजेक्टसाठी नेमून दिलेल्या आजोबांकडे वृद्धाश्रमात रोज तासभर शांत बसून बघायचं, एवढंच तर होतं. तेही झेपलं नाही?”

“बसून राहायला मी काय बगळा आहे? एआयने सगळ्या नोंदी चुटकीसरशी लिहिल्या. शांतता, श्वास, थरथरणारे हात. वाचताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“त्यांचे हात थरथरत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं.”

“मग मी त्यांच्यासाठी डिझाइन केलेला कप?”

“तो थरथरणाऱ्या हातांसाठी आहे.”

“हे आत्ता सांगतेस?”

“तू विचारलंस कधी? मी शेजारच्या आजींकडे बसायचे. माझी पावलं वाजली की आजोबा खाटेजवळची खुर्ची चाचपून सरळ करायचे. म्हणायचे, ‘आमचं पोर आलं का गं?’”

“तू काय सांगायचीस?”

“वाटेत आहे म्हणायचे.”

“रविवारी जाऊ या. पाया पडतो त्यांच्या.”

“सोमवारीच गेले ते.”

दुकानदाराने पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला. मुलाने तो दिला.

“काका, फोटोखाली ‘आजोबा’ लिहिलंय ना, तिथे ‘दिवंगत’ टाकता येईल?”

“टाकतो की. पण मग पूर्ण नाव हवं. नाव काय त्यांचं?”

मुलाने मुलीकडे पाहिलं.