नाल्यातला थेंब

वाशीम ज्या नाल्याजवळून नाक दाबून जातं, त्याच नाल्याचा थेंब पाहायला त्र्याहत्तर साली शाळेच्या प्रदर्शनात रांग लागली होती. सूक्ष्मदर्शकाशी एक शाळकरी मुलगी उभी होती. माझ्यापुढं विमलबाई आणि त्यांच्यापुढं जैनांच्या पानाबाई.

“अवो माय! हे तं पळून राह्यले!” भिंगाला डोळा लावून पानाबाई म्हणाल्या.

“जित्ते हायेत, आजी.”

“पन्नास वर्सं पानी गाळून फडक्यावरचे जीव मी परत विहिरीत सोडते. सून हसते, म्हने तिथं काहीच नसते.”

“सरका ना, माय. मागं लोकं खोळंबले,” विमलबाईंनी घाई केली.

“थांब वं. पोरी, हा थेंब मंग फेकशीन कुठं?”

“फेकत नाही. जिथून आनला तिथंच नेऊन सोडीन.”

“मास्तरनं सांगतलं?”

“नाही. मलेच वाटलं.”

“कोनाची वं ही गुनाची पोरगी?”

“माही,” विमलबाई म्हणाल्या. “नाल्याकाठच्या बौद्धवाड्यातली.”

“मास्तराले इचारून हे यंत्र घेऊन तिले घरी पाठव. सुनेले दाखवू दे.”

“पाठवीन. पन ओसरीवर बसवसान का आत घेसान?”

पानाबाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

“पानी मी सैपाकघरात गाळते. तिथंच या लागन तिले.”