दगडाबाईचा हात

पितळीचा, वैनी. पितळी वाजवल्याचा आवाज. तू मगापासून इचारतेस ना, कान लावून काय बसलायस म्हनून, तर तो. आजचा न्हाई, लई जुना — मी ह्याच ओट्यावर बसलो हुतो आन आत तू पळीनं पितळी वाजवत हुतीस — राहू दे. तो डबा उघडू नको. डिंकाचे लाडू हायेत, वास आला मला. तुझ्या हातचे म्हंजे चांगलेच असनार, पन अश्विनीला न्हाई चालत. तिला शुगर निघालीय. पोटुशी बाईला निघती तसली, बाळंतपनानंतर जाती म्हनत्यात, बऱ्याच जनींची जाती. तोवर गूळ न्हाई, साखर न्हाई, भात मुठीएवढा. लाडू मी खाईन, मला दे. माझं काय, दात न्हाईत तर चघळत बसंन.

हसतेस व्हय? हास. वाडीत बी हसत्यात. म्हातारा नातीला उपाशी ठेवतो म्हनत्यात, डोहाळे पुरवायचे सोडून वजनकाट्यावर जेवू घालतो. उपाशी न्हाई ठेवत मी तिला. उपाशी तर तीच राह्यली हुती, आधी — शुगर म्हनल्यावर भ्याली पोर, दोन वक्त जेवलीच न्हाई, आन हंड्यापाशी डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसली. डॉक्टरीनबाई लई रागावल्या. म्हनाल्या, उपाशी राहिलीस तर लेकराला काय जाईल? थोडं थोडं खायचं, पन घड्याळावानी खायचं. मग मीच शिकलो. नाचणीची भाकर अर्धी, हुलग्याचं नायतर मटकीचं कालवन वाटीभर, पालेभाजी पाहिजे तेवढी, मधल्या वक्ताला शेंगदाने नायतर ताक. माझी भीमा गेल्यापासून भाकरी मीच थापतोय, आता कुठं वाटोळ्या यायला लागल्या, तर म्हनं अर्धीच पाहिजे. जेवली की चालायचं. ती बघ, बोरीपातूर जाती आन माघारी येती, शेजारची कोंबडी बी तिच्या मागं लागलीय सवयीनं. बोटाला सुई टोचून रगत बघती ती आपलं आपन. मी तिकडं तोंड करतो. मला न्हाई बघवत.

आई असती तर आईनं बघितलं असतं. आई तिची तापात गेली, हिला दात बी आले न्हवते, आन बाप गोरक्षा गाडीवर डायवर, महिन्यातून एकदा तोंड दावतो. पयलं बाळंतपन माहेरी, म्हनून मी सासरहून आनली खरी तिला. पन माहेर म्हंजे कोन? मी. मी एकटा म्हातारा, आन माझ्या दोन शेळ्या.

तर सांगायचं ते असं, वैनी. हितं नको म्हनत्यात बाळंतपन. न्हाई, थांब, तुझ्या हाताचा प्रश्न न्हाई ग. आख्ख्या वाडीची बाळंतपनं तू केलीस, माझ्या डोळ्यादेखत केलीस, आता तुलाच दिसत न्हाई नीट म्हनून सोडलंस. पन शुगरच्या बाईचं लेकरू दांडगं हुतं, खांदा अडकतो म्हनं. संगमनेरला मोठ्या दवाखान्यात ठरवलंय, तिथं लेकरांचा डॉक्टर बी हाय. शुक्रवारी निघायचं, दिस भरायच्या आधीच, जावयानं दवाखान्याजवळ खोली बघितलीय. आयत्या वक्ताला राजूरहून गाडी मिळंल न मिळंल, पोरीनं घाटात काय करायचं?

आन आत एकच बाई सोडत्यात तिच्यापाशी. तिची सासू यायला तयार हुती. तर ही काय म्हनाली ठाव हाय? म्हनाली, आजोबा, दगडाआजीला आना. मला ती पाहिजे. म्हनून बोलवलं तुला. काय करायचं न्हाई तू, नुसतं बसायचं, तिच्या कंबरेवर हात फिरवायचा. येशील?

हां, तेच म्हननार तू. डोळे न्हाईत, लोक काय म्हनतील, दवाखान्यात माझं काय काम. काम हाय. तुझा हात लागला की पोर निवती, मी बघितलंय — आन हाताचं म्हनशील, तर तुझ्या हाताला कायच दोष न्हवता, वैनी. मी डॉक्टरीनबाईंना इचारलं. आमचं पयलं लेकरू गेलं, त्याचं. त्यांनीच अश्विनीला सांगितलं, लेकरू झालं की त्याच्या टाचेतलं रगत बघू, त्याला तासाभरात अंगावर पाजायचं, कारन नाळेतनं येनारी आईची साखर तुटली की लेकराची एकाएकी खाली जाती. दिसायला गुटगुटीत, आन दूध वढत न्हाई, थरथरतं, मग ढिलं पडतं. मी इचारलं, हातपाय थरथरत्यात का? म्हनाल्या, व्हय. आमचा बी तसाच हुता ग, केवढा दांडगा, सगळी वाडी बघायला आली, पहाटं चांगला रडला. आन दुपारी ढिला पडला, तुला परत बोलवलं, आन लेकरू आवाजानं जागं व्हावं म्हनून तू पितळी वाजवत राह्यलीस. भीमा त्या महिन्यांत पानी किती प्यायची, आठवतंय? पुढं तिला शुगर निघालीच की. पाय चिघळून गेली ती. बाई म्हनाल्या, इतक्या वर्सांनी नक्की न्हाई सांगता येत बाबा, पन तसं असू शकतं. म्हंजे तू काय केलं न्हवतंस. भीमा उगंच म्हनायची.

काय म्हनायची? जाऊ दे.

न्हाई, तसं न्हाई. म्हनायची आपली, लेकरू गेल्यावर आई वरडनारच ना काहीतरी. दगडाचा हात जड, म्हनायची. दाबलं जास्त. मी तिला कधी हो म्हनालो न्हाई, वैनी. नको बी म्हनालो न्हाई. गोरक्षाच्या वक्ताला तेवढं ऐकलं तिचं — तुला सांगितलं हुतं बघ, माझी सासू आजारी हाय म्हनून भीमाला तिकडं माहेरीच ठेवलीय — सासू धडधाकट हुती. तीच बाळंतपन करत हुती. पयलं आयत्या वक्ताला हितंच झालं, दुसरं बाळंतपन तर सासरीच व्हायचं, म्हंजे तुझंच हुतं, तू तेल बी काढून ठेवलं हुतंस, मला नंतर कळलं. पन भीमा पाय धरून रडली माझे, दगडाला नको आनू म्हनून. मग मी काय करनार? आता तर कळलं ना आपल्याला, तुझा हात साफ हुता म्हनून. ते सांगायलाच मी —

वैनी?

च्या तसाच ठेवलास. तुझ्या च्यात साखर घातली हुती मी. बस की. मला हे सांगायचंच न्हवतं, मी भलतंच बोलत बसलो, मला कुठं येतंय बोलायला. शुक्रवारचं सांग तेवढं. मी पोरीला काय सांगू? सासूला न्हाई म्हनून बसलीय ती, तिच्यापाशी दुसरं कोन न्हाई. वैनी, पायरी बघ. काठी तरी घे, काठी हितंच राह्यली.

तिच्याशी तरी बोल ग. ती हाक मारतीय तुला, बोरीपासून.

...

काय न्हाई ग अश्विनी. घरी काम हुतं तिला.