डाव्या बुटाचा तळवा

बूटदुरुस्तीच्या दुकानात तुटकी चप्पल हातात धरून शिक्षिकाबाई ताटकळल्या होत्या. पुढे एक ठेंगणी आत्या आणि तिची भाची यांची चांगलीच जुंपली होती.

“आत्या, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकलच घ्यायची ना? मग ती बुटकी घे. तुझ्या मापाची आहे.”

“ती शिंकते गं नुसती! उंचवाली कशी ठणाणा करते, आहाहा!”

“उभ्या गाडीवरून पडलीस तू! विकणाऱ्याच्या अंगणात, त्याच्या आईसमोर!”

“त्या माउलीने टाळी वाजवली.”

“कपाळावर हात मारला तिने!”

“डोंगरातून, चिखलातून उडवायची गाडी आहे ती. धावताना पाय टेकायचेत का?”

“आणि थांबल्यावर?”

“त्याचाच बंदोबस्त करायला आलेय. दादा, या बुटाला चार बोटं जाड तळवा चढवा.”

“एकाच?”

“थांबल्यावर डावाच पाय टेकते मी.”

कारागिराने आवाज खाली आणला. “ताई, डावा पाय आखूड आहे का?”

“पाय ठणठणीत आहे हो, गाडी उंच आहे!”

शिक्षिकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“अगं आत्या, असले बूट घालून चालशील कशी?”

“चालायचंय कुणाला?”